रिकामी दोरी

तिला सगळे शेपूट म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. लहानपणी सतत दादाच्या मागे मागे फिरायची म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं, आणि पुढे पोटापाण्याचा उद्योगच असा मिळाला की ते कायमचं चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगलं चारचौघींसारखं नाव होतं. ते दाखल्यावरच राहिलं.

उद्योग असा. किनाऱ्यावरून पाऊण तास वल्हवत गेलं की एक बेट लागतं. बेट कसलं, पाण्यातून वर आलेलं टेंगूळ. एका अंगाला ओंजळभर वाळू, बाकी सगळीकडे खडक, आणि माथ्यावर जहाजांना वाट दाखवणारा, कधीचा बंद पडलेला दिवा. पण माणसाला हौस असते, आणि हौसेपुढे कुणाचं काही चालत नाही. शहरातून माणसं येतात, कयाक म्हणतात त्या चिंचोळ्या, बसक्या होड्यांत शिरतात, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत बेटावर जातात, तासभर धापा टाकत माथा गाठतात, फोटो काढतात आणि परत येतात. त्यांना न्यायचं काम दादाचं. पुढे दादा, मध्ये पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागे शेपूट.

पुढे चालणाऱ्याचं काम सगळ्यांना दिसतं. तो वाट दाखवतो, विनोद करतो, परत आल्यावर लोक त्याचाच हात हातात घेऊन आभार मानतात. मागे चालणाऱ्याला नुसत्या पाठी दिसतात. बावीस वर्षं पाठी बघून बघून शेपूटला माणूस मागूनच कळायला लागला होता. आता कोण बसकण मारणार, कुणाचा बूट चावतोय, कोण घरून भांडून आलाय आणि म्हणून उगाच तरातरा चालतोय, सगळं तिला न विचारता समजायचं. कुणाला दम लागला की "थांबू या जरा, मलाच धाप लागलीय" असं धडधडीत खोटं बोलून ती त्याला बसवायची. त्याची लाज राहायची. तिचं काम एकच होतं: आपल्या मागे कुणाला राहू द्यायचं नाही.

आणि एक दोरी होती. ती वडिलांनी घालून दिलेली पद्धत. बेटावरच्या वाळूत दोन लोखंडी खुंट ठोकलेले, त्यांच्यामध्ये ताणून बांधलेली दोरी. उतरल्यावर प्रत्येकाने बुडू न देणारं आपलं फुगीर जाकीट काढून स्वतःच्या हाताने त्या दोरीवर टाकायचं, आणि निघताना स्वतःच्याच हाताने उचलायचं. दुसऱ्याचं जाकीट कुणी घ्यायचं नाही, उपकार म्हणूनसुद्धा नाही. वडिलांचा डोकी मोजण्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, डोकी हलतात, खडकाआड जातात, एक डोकं दोनदा मोजलं जातं. जाकीट जागचं हलत नाही. दोरी रिकामी झाली की बेट रिकामं झालं. बावीस वर्षांत दोरी एकदाही चुकली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस सकाळी तरी अगदी गुणी पोरासारखा होता. ऊन कोवळं, पाणी सपाट. पाहुणे नऊ. दोघांनी बसायच्या चार होड्यांत चार जोडपी बसली. उरली एकटी आलेली एक बाई, पन्नाशीची, डोक्यावर निळी टोपी. तिचा नवरा किनाऱ्यापर्यंत आला होता आणि तिथेच त्याचं आणि तिचं काहीतरी बिनसलं. पाठ दुखतेय, मी येत नाही, असं म्हणून तो चहाच्या टपरीकडे निघून गेला. शेपूटने त्याची पाठ बघितली. दुखणारी पाठ अशी ताठ नसते. दादाने बाईला आपल्या होडीत पुढे बसवलं, आणि सगळ्यांच्या मागे एकटीच्या छोट्या होडीत शेपूट.

चढण नीट झाली. उतरताना निळ्या टोपीवालीचा गुडघा कुरकुरायला लागला. ती मागे पडली, तिच्यासोबत शेपूट. दोघी गप्पा मारत, बसत, उठत येत होत्या. अर्ध्या उतारावर वाटेच्या खुणेसाठी चुना फासलेला एक मोठा पांढरा दगड आहे. तिथवर पोचल्या आणि खालून दादाच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या. दोन शिट्ट्या म्हणजे हातातलं सोडून ये.

शेपूटचा पाय अडला. शेवटच्या माणसाला सोडून तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण दादाने हाक मारली आणि ती गेली नाही, असंही कधी झालं नव्हतं.

"ताई, या दगडावर बसा," ती म्हणाली. "इथून उठू नका हं. पुढे वाट निसरडी आहे. मी दहा मिनिटांत येते तुम्हाला न्यायला."

बाई हसत बसली. "बसते हो. माझा नवरा चारचौघांत सांगत असतो, ही कुणाचं म्हणून ऐकत नाही. आज बघा, कशी ऐकते ती."

खाली वाळूत गोंधळ उडाला होता. एका पाहुण्याचा पाय खडकात अडकून मुरगळला होता आणि घोटा हां हां म्हणता सुजला होता. त्यात वारा फिरला. असा फिरला की दोरीवरची दोन जाकिटं सुटून पाण्याच्या कडेला जाऊन पडली. शेपूटने धावत जाऊन ती पकडली, आणि त्याच झपाट्यात दोरीवर उरलेली सगळी जाकिटं कवेत घेऊन होड्यांमध्ये कोंबली. उडणारी वस्तू धरायची, एवढंच तिच्या हातांना कळलं. वडिलांचा नियम मोडतोय हे हातांना कुठून कळणार! मग ती घोटा बांधायला बसली. पाहुण्यांनी होड्यांतून हाताला येईल ते जाकीट चढवलं.

"यांना मी माझ्या पुढे घेतो," घोटा सुजलेल्या पाहुण्याला उठवत दादा ओरडून सांगत होता. "यांच्या मिसेसना वल्हं झेपणार नाही, त्यांच्याबरोबर तू लाल होडीत बस. तुझी होडी राहू दे वर खडकापाशी. उद्या आणू. चल, आवर, अजून दहा मिनिटं थांबलो तर निघणं मुश्कील आहे."

ती वाटेकडे वळली होती. हे खरं आहे आणि ते लिहायलाच हवं. दोन पावलं टाकलीही होती. तेवढ्यात तिची नजर दोरीवर गेली. दोरी रिकामी होती. मी घोटा बांधत होते तेवढ्यात उतरल्या वाटतं बाई, असं तिच्या मनात आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. जी दोरी तिने पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने रिकामी केली, तिच्याच भरवशावर ती मागे फिरली आणि तिने होड्या पाण्यात ढकलल्या.

अहो, अकरा माणसं आली होती! नऊ पाहुणे आणि ही दोघं बहीणभाऊ. एकटीची होडी मागे ठेवल्यावर उरल्या दोघांच्या पाच होड्या, म्हणजे दहा जागा. चौथीतल्या पोराने बोटांवर सांगितलं असतं. सगळे बसले, बसायला जागा नाही असं कुणी म्हणालं नाही, तिथेच कळायला हवं होतं. पण बावीस वर्षं दोरीने मोजून दिलं होतं, मोजायची सवयच राहिली नव्हती दोघांना.

अर्ध्या पाण्यात शेपूटच्या पायाला काहीतरी मऊ लागलं. तिने खाली बघितलं. लाल होडीच्या तळाशी एक जाकीट पडलं होतं. पाठीवर काळ्या रंगात आकडा नऊ.

"दादा!" ती किंचाळली. "बाई वर राहिल्यात! दगडावर राहिल्यात!"

दादाला ऐकू गेलं. त्याने मान वळवून बेटाकडे बघितलं, मग चार होड्यांमधल्या, जन्मात पहिल्यांदा वल्हं धरलेल्या त्या सात माणसांकडे बघितलं. "आता वळलो तर हे सगळे जातील," तो म्हणाला. "यांना पोचवू आणि मी परत येतो." तो बरोबर बोलत होता. या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच, की तो बरोबर बोलत होता.

किनाऱ्यावर तिचा नवरा उभा होता. राग विसरून, हातात कोरडा टॉवेल घेऊन.

"आमची कुठाय?"

"त्या म्हणाल्या, मला पलीकडची बाजू बघायचीय, तुम्ही व्हा पुढे," दादा पटकन बोलला. "एक होडी ठेवलीय त्यांच्यासाठी. येतील. मी जातोच आहे आणायला."

हे बोलताना दादाच्या मनात पाप नव्हतं. माणूस घाबरू नये, तासाभरात त्याची बायको त्याच्यासमोर उभी करू, एवढाच हिशेब. तो गेला. पाण्याने त्याला परत फेकलं. पुन्हा गेला, तर होडी उलटून त्याचं कपाळ खडकावर फुटलं आणि सहा टाके पडले. तिसऱ्यांदा बंदरातल्या माणसांनी त्याला दोन्ही दंडांना धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूटची छोटी होडी दोन खडकांच्या मध्ये पालथी सापडली, आणि बाई तिथून थोडी पुढे. अंगावर जाकीट नव्हतं. असणार कुठून!

शोधणाऱ्यांबरोबर शेपूट त्या सकाळी बेटावर गेली आणि कुणाला न सांगता पांढऱ्या दगडापर्यंत चढली. दगडावर निळी टोपी होती. उडू नये म्हणून तिच्यावर मुठीएवढा धोंडा ठेवलेला. बसमध्ये आपण जागेवर रुमाल टाकून जातो तशी. मी इथेच होते, आता खाली गेलेय, हे कळावं म्हणून बाईने ती ठेवली होती. शेपूटने ती उचलली आणि कुडत्याच्या आत पोटाशी खोचली.

बंदराच्या कचेरीत जबाब झाले. दादाच्या कपाळावर पट्टी होती. किनाऱ्यावर धीर द्यायला बोललेलं वाक्य आता त्याला मागे घेता येईना. घेतलं असतं तर परवाना गेला असता, होड्या गेल्या असत्या, वर खटला. त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि ते कागदावर उतरलं: बाईंनी ऐकलं नाही, मागे राहिल्या, जाकीट घालायला नकार दिला, एकटीने होडी काढली. कारकुनाने छापील रकाना वाचून विचारलं, "बेटावरून सगळ्यांत शेवटी कोण निघालं?" दादा म्हणाला, "ही. माझी बहीण. बाईंशी शेवटचं बोललीही हीच." मग कागद तिच्यापुढे सरकवला. तिने दाखल्यावरच्या नावाने सही केली.

का केली, म्हणाल. लग्न होऊन ती चार वर्षांनी परत आली होती, एक पिशवी घेऊन, सुजलेल्या डोळ्यांनी. दादाने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. वहिनीला फक्त म्हणाला होता, "ही आलीय. हिचं ताट घे." त्या एका वाक्यावर ती जगली होती. त्या माणसाविरुद्ध तोंड उघडणं तिच्या जिवावर आलं, आणि तिने तोंड उघडलं नाही. समजतं आपल्याला. पण समजलं म्हणून माफ होतं, असं थोडंच आहे!

त्यानंतर तीन वर्षं ती पाण्यावर गेली नाही. घराखालच्या शेडमध्ये होड्या दुरुस्त करायची. तडा गेलेला भाग घासायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवायचं, रसायन लावायचं, वाळलं की पुन्हा घासायचं. खिडकी समुद्राकडे होती. तिने तिला जुन्या पोत्याचा पडदा लावला. दादासोबत मागे चालायला पगारी माणूस आला. दोरीबरोबर आता डोकीही मोजायला लागले, जातानाही आणि येतानाही. नऊ नंबरचं जाकीट शेडच्या कोपऱ्यात, फळीमागच्या खुंटीवर एकटंच लटकत राहिलं. एकदा वहिनी झाडताना तिथे थांबली, जाकिटाकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, आणि पुन्हा झाडायला लागली.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी दारात माणूस उभा राहिला. तिने त्याला पाठीवरून ओळखलं असतं, पण तो समोरून आला होता, म्हणून क्षणभर वेळ लागला. टॉवेलवाला. शहरात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. काचा तो स्वतः घासून बसवायचा. बोटांच्या टोकांना तिच्यासारखेच घट्टे होते.

"तुम्हीच ना त्या? शेवटी असणाऱ्या?" त्याने विचारलं. "मला बेटावर जायचंय. दुसऱ्या कुणाबरोबर नाही, तुमच्याबरोबर. तिच्याशी शेवटचं बोलणं तुमचं झालं, असं कागदावर आहे."

"मी आता नाही जात, साहेब."

"एकदाच. मला बघायचंय, असं काय होतं पलीकडच्या बाजूला, की तिला जीव स्वस्त झाला."

वर स्वयंपाकघरात दादाने ऐकून घेतलं. तीन वर्षांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. वहिनी पाठमोरी भांडी विसळत होती.

"नाही म्हटलं तर संशय येईल," तो म्हणाला. "ने. वर दाखव आणि खाली आण. बाकी तुला काही सांगायला नको."

"तो तिलाच दोष देतोय, दादा."

"देऊ दे. ती गेली. तिला काय फरक पडतोय? आपण तिघं आहोत अजून."

वहिनीच्या हातातलं भांडं मोरीत आपटलं.

दोघांच्या होडीत तो पुढे बसला, ती मागे. पाणी त्या सकाळसारखंच गुणी होतं. तो वल्हं नीट मारत नव्हता, पण बोलत होता, आणि शेपूटला त्याची पाठ दिसत होती. आता ती खरंच दुखणारी पाठ होती.

"अठ्ठावीस वर्षं संसार केला," तो म्हणाला. "हट्टी होती हो. औषध घे म्हटलं की उद्या घेते. छत्री घे म्हटलं की नको. त्या दिवशीसुद्धा मी तेवढंच म्हणालो, तू आयुष्यात कुणाचं ऐकलंयस कधी? त्यावरून बिनसलं. तिचा फोटो नाही लावला मी दुकानात. भाऊ विचारतो, का रे? म्हटलं, जी मला अशी टाकून गेली, तिला रोज हार कशाला घालू?"

शेपूटचं वल्हं पाण्यात थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा चालू झालं.

बेटावर त्याने जाकीट काढून हातात धरलं. तिने दोरी दाखवली. एकापुढे एक दोन जाकिटं दोरीवर पडली. मग चढण. तो दर वळणावर थांबायचा आणि ती म्हणायची, "थांबू या, मलाच धाप लागलीय." माथ्यावर त्याने पलीकडची बाजू बघितली. तिथे काही नव्हतं. खडक, पाणी, पक्ष्यांची घाण. तो बराच वेळ बघत राहिला.

"याच्यासाठी?" तो म्हणाला.

उतरताना तो पुढे, ती मागे. अर्ध्या उतारावर त्याला दम लागला आणि तो सरळ त्या पांढऱ्या दगडावर बसायला गेला.

"तिथे नको!" ती ओरडली.

तो बसता बसता थांबला. "का? काय आहे इथे?"

आताही तिला सांगता आलं असतं, की साप निघतात, की दगड हलतो. बावीस वर्षं माणसांची लाज राखायला ती खोटं बोलली होती, एक आणखी. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"त्या इथे बसल्या होत्या. मी बसवलं होतं त्यांना. उठू नका, मी न्यायला येते, असं सांगून मी खाली गेले."

तो बसला, तिच्याकडे पाठ करून. आणि तिने त्या पाठीला सगळं सांगितलं. दोन शिट्ट्या, घोटा, वारा, कवेत घेतलेली जाकिटं, रिकामी दोरी, अकरा माणसं, दहा जागा. पलीकडची बाजू बघायला त्या राहिल्याच नव्हत्या, ती थाप होती, आणि त्या थापेखाली सही माझी आहे. जाकीट त्यांनी नाकारलं नाही, ते माझ्या पायाशी होतं. आणि दगडावर बसताना त्या काय बोलल्या, तेही तिने सांगितलं. शब्दन् शब्द. "आज बघा, कशी ऐकते ती."

पाठ हलली नाही. खालून लाटांचा आवाज येत होता.

"इथून पाणी दिसतं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुम्ही जाताना तिला दिसलात."

"दिसलो असणार."

"तरी बसून राहिली असेल? किती वेळ?"

"ते मला नाही माहीत, साहेब." तिने घरून निघताना कुडत्याच्या आत खोचून आणलेली टोपी काढली. "ही दगडावर होती. धोंडा ठेवून गेल्या होत्या. मी लपवली."

त्याने टोपी घेतली. आधी तिची शिवण बोटांनी चाचपली, मग तोंडाला दाबून धरली, आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की शेपूट एक पाऊल मागे सरली. "ऐकलं तिने," तो म्हणत होता. "अहो, ऐकलं होतं तिने! आणि मी तीन वर्षं..."

रडं ओसरल्यावर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."

"मी पुढे नाही जात. कुणाला मागे ठेवून..."

"ठेवलंय एकदा," तो म्हणाला. "जा."

ती गेली. त्या वाटेवर ती पहिल्यांदाच मागे माणूस सोडून चालत होती, तसं नव्हतं, दुसऱ्यांदा होती. मागे पावलं वाजतायत का ते ऐकत ती वाळूत पोचली आणि दोरीपाशी बसली. दोरीवर दोन जाकिटं. तिने आपलं उचललं. त्याच्या जाकिटाला हात लावला नाही. पाणी चढत होतं. ते होडीच्या टोकाला लागलं, मग पार तिच्या मध्यापर्यंत आलं. तिने होडी वर ओढली आणि पुन्हा येऊन बसली. न्यायला जावं की बसावं, हेच तिला कळेना. त्या बाईलाही असंच झालं असेल, आणि तिच्याजवळ तर विचारायला कुणी नव्हतं.

तो आला. स्वतःच्या हाताने जाकीट उचललं, घातलं, आणि होडीत बसला. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला, "हे कचेरीत सांगाल?"

"सांगेन."

दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांची वाट बघत होता. त्याने होडीचं टोक धरलं, दोघांची तोंडं बघितली, आणि त्याला विचारावं लागलं नाही. चष्मेवाला उतरला आणि टोपी हातात धरून सरळ रस्त्याकडे चालत गेला.

शेपूट शेडमध्ये गेली, फळीमागून नऊ नंबरचं जाकीट काढलं आणि बाहेर आली. दादा पालथ्या होडीवर बसला होता.

"घर बुडवलंस," तो हळू म्हणाला. "वहिनीचा विचार केलास?"

"केला."

"आणि माझा?"

"तुझाच तर करत होते तीन वर्षं." "दादा, ती बाई ऐकून बसली होती रे. मी सांगितलं म्हणून."

त्याचा हात कपाळावरच्या व्रणाकडे गेला. ती चढाच्या रस्त्याला लागली.

बंदराच्या कचेरीत तोच कारकून होता, तेच टेबल, टेबलाच्या कडेला चिकटलेला तोच वाळका डिंक. तिने जाकीट टेबलावर ठेवलं आणि काय सांगायचंय ते सांगितलं. कारकुनाने आधी नाही नाही म्हटलं, मग उठून कपाटातून जुनी फाइल काढली, धूळ झटकली आणि पानं उलटत बसला. तेवढ्यात दारात ओल्या चपलांचा आवाज झाला. दादा आला होता. तो पुढे आला नाही. तिच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला.

कारकुनाने दोघांकडे बघितलं, मग पानावर बोट ठेवलं. "बाई, इथे स्पष्ट लिहिलंय. बेटावरून सगळ्यांत शेवटी कोण निघालं, तर तुमचं नाव आहे. खाली सही आहे. ही तुमचीच ना?"

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "पण नाव खोडा. शेवटी ती होती. मी तिच्या आधी निघून आले."